दोन टिंबे, एक तिरकी रेघ

सोफिया,
६ सप्टेंबर २०१०

चि. सौ. झ्लातिना हिस,
थोरल्या भावाचे आशीर्वाद कामेनच्या बसने पाठवले आहेत, फाट्यावर उतरवून घ्यावेत.

फोन असताना पत्र कशाला, असे तू विचारशील. फोन आईच्या खुर्चीशेजारी असतो. आईचे डोळे अधू झाले, पण कान दिवसेंदिवस तरुण होत चालले आहेत, आणि तुझ्यामाझ्यातले निम्मे बोलणे तिने ऐकण्याजोगे नसते. म्हणून कामेन ड्रायव्हर हाच आपला विश्वासू दूत. तो पत्रे फोडत नाही, फक्त बरण्या फोडतो. भाजक्या मिरच्यांची ल्युतेनित्सा तू मागच्या खेपेला पाठवलीस, त्यातली अर्धी त्याच्या सीटखाली गेली. उरलेल्या अर्धीत मिरच्यांपेक्षा तुझा स्वभाव जास्त उतरला होता, तरी संपवली.

आता मुख्य वार्ता. आईच्या गालिच्यांची वेबसाइट तयार झाली. ती मी केली. वाक्य लहान आहे, नजरेतून निसटू नये म्हणून पुन्हा लिहितो : मी केली. ज्या माणसाला गेली पंचवीस वर्षे संस्कृत शिकवल्याबद्दल पगार मिळतो, आणि तो का मिळतो हे पगार देणाऱ्यांनाही नीटसे उमगलेले नाही, त्या माणसाने त्रेपन्नाव्या वर्षी एक जाडजूड पुस्तक आणले, चष्मा बदलला आणि ही विद्या साध्य केली.

एवढी घाई अशासाठी, की इटलीत त्रिएस्तला वसंत ऋतूत हातमागाचे मोठे प्रदर्शन भरणार आहे. आपल्या भागातून ते एकच घर निवडणार. पंधरा ऑक्टोबरला परीक्षक मंडळी सगळ्यांची पाने उघडून बघतील आणि संत दिमितरच्या दिवसापर्यंत, म्हणजे सव्वीस ऑक्टोबरपर्यंत, निकाल कळवतील. ज्या घराची निवड होईल, त्याच्या पानावर विणणारी म्हणून जिचे नाव असेल तिने दोन आठवडे तिथे लोकांसमोर मागावर बसायचे. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च त्यांचा.

ऑगस्टात आलो होतो तेव्हा आईला लॅपटॉपवर पान दाखवले. आरंभीच ती मागावर बसलेली, समोर तो मोठा गालिचा, काळ्या डोळ्यांच्या नवरीच्या नक्षीचा. आईने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, जणू पडद्यामागून कोणी परके बघत होते. तू तेव्हा शेळ्यांकडे गेली होतीस. मी मुद्दाम ती वेळ साधली, असा अर्थ काढू नये.

तरी तू वाचनालयात जा. दोब्रिंकाबाईंनी नवे कॉम्प्युटर आणले आहेत म्हणे. सोबत पत्ता लिहिला आहे, तो टाकून पान बघ आणि लोक काय म्हणतात ते कळव. स्तुती जशीच्या तशी कळवावी, वाटेत दुरुस्त करू नये.

लोभ आहेच; त्यात काटछाट करायची झाल्यास आठवडाभर आधी सूचना द्यावी.
तुझा दादा,
बोगोमिल


गोर्ना ब्रेझा,
१२ सप्टेंबर

ती. दादास,
धाकटीचा वाकून नमस्कार. कंबर धरलीय, म्हणून जेवढं वाकता आलं तेवढंच.

तुझी वेबसाइट पाहिली. मी एकटीनं नाही, निम्म्या गावानं पाहिली, कारण आईनं सकाळीच पाववाल्याला, पाद्र्याला आणि औषधाच्या दुकानातल्या मुलीला बातमी पोचवली होती. माझ्या बोगोनं केलंय, माझ्या बोगोनं केलंय. वाचनालयात खुर्च्या कमी पडल्या.

दादा, पानावर चौकोन आहेत. रिकामे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात फाटक्या चित्राची एक बारीकशी खूण, आणि खाली तुझी चार-चार ओळींची वाक्यं, ज्यांच्या शेवटाला पोचेपर्यंत आरंभ विसरतो. गालिचा एकही नाही. आई नाही. दोब्रिंकाबाई तुझा मान राखून म्हणाल्या, की शहरात हल्ली असंच करत असतील. मेतोदी अकॉर्डियनवाला म्हणाला, की त्याला आवडलं, डोळ्याला शांत वाटतं. आईला मी सांगितलं, की छान दिसतंय. खोटं बोलायला लावलंस.

खरं सांगू? घरी येताना मला दुःख झालं नाही, गंमत वाटली. आणि गंमत वाटली म्हणून स्वतःचाच राग आला. मी रोज आईच्या गुडघ्यांना तेल चोळते, तिच्या सुईत दोरा ओवून देते, त्याची गावात कधी बातमी झालेली नाही. तू वर्षातून दोनदा येतोस, तुझ्यासाठी ती चांगली बरणी फोडते, आणि तू गेल्यावर आठवडाभर तुझा कप कुणाला वापरू देत नाही. माझा पोटशूळ आहे, लपवत नाही.

चौकोन सोड. मजकूर मात्र दिसला, आणि मी तो शेवटपर्यंत तीनदा वाचला. वासिल्काबाईंचा माग, वासिल्काबाईंचे हात, वासिल्काबाईंची परंपरा. माझं नाव कुठे आहे? त्या मोठ्या गालिच्याचा उजवा अर्धा आईनं विणला. डावा अर्धा काय वाऱ्यानं विणला? दोन हिवाळे त्या बाकावर मी तिच्या डाव्या हाताला बसले आहे.

आणि आईचं वय एकोणऐंशी. तिला फाट्यापर्यंत चालवत नाही. त्रिएस्तला कोण जाणार होतं, तुझं वाक्य? मला जायचंय, दादा. एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. मी आजवर व्हिदिनपलीकडे गेलेली नाही. आपल्याकडे विणणारी स्वतःचं नाव स्वतः घालत नाही, दुसऱ्यानं घ्यावं लागतं, हे तुला ठाऊक आहे. आईचं तू घेतलंस. माझं कुणी घ्यावं, गाव्रिलनं? माझ्या नवऱ्याला शेळ्यांची नावं पाठ आहेत, तेवढं ओझं त्याला पुरे.

उत्तर लवकर दे. माया शिल्लक आहे, पण हात राखून वापरते आहे.
झ्लातिना


सोफिया,
१७ सप्टेंबर

चि. सौ. झ्लातिनास,
आशीर्वाद, किंचित थंड झालेले.

तुझे पत्र आले त्या क्षणी लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर ठेवलेल्या पानाच्या खुणेवर बोट दाबले. एकूण एक चित्र दिसते. आई दिसते, गालिचे दिसतात, आईच्या पायाशी झोपलेले मांजरही दिसते. खात्रीसाठी शेजारच्या खोलीतल्या ग्रीकच्या प्राध्यापकांना याच लॅपटॉपवर दाखवले. ते सहसा कुणाची स्तुती करत नाहीत, माझी तर नाहीच. तेही म्हणाले, की बरे आहे. तेव्हा दोष तुमच्या कॉम्प्युटरचा असावा, नपेक्षा तुझ्या चष्म्याचा, नपेक्षा त्या दृष्टीचा, जी चष्म्याने सुधारत नाही.

ताई माणसाने इतके जळू नये. आपल्यात तू ताई नाहीस, धाकटी आहेस, पण पत्रात स्वर ताईचा लावतेस म्हणून तसे लिहिले. मला वडिलांनी सायकल घेतली तेव्हा तू तिच्या सीटवर पीठ मळून थापले होतेस. आता सायकलीच्या जागी वेबसाइट आहे, एवढाच फरक.

नावाविषयी. हे पान आईचे आहे. वेदीवर चित्र एकाचेच असते, मेणबत्ती धरणाऱ्यांचे नसते. परीक्षक मंडळी बुजुर्ग कारागीर शोधतात, त्यांना एकच चेहरा लक्षात राहतो. यात तुझा अवमान नाही, मांडणीचा प्रश्न आहे. त्रिएस्तला जाण्याचे आपण निवड झाल्यावर बघू.

कामेनबरोबर दोन बरण्या पाठवल्यास तर एक तरी पोचेल.
स्नेह कायम, फक्त आज बोलण्याच्या मनःस्थितीत नाही.
बोगोमिल


गोर्ना ब्रेझा,
२४ सप्टेंबर

दादास,
नमस्कार. साधा. वाकले नाही.

दोष सापडला. चष्म्याचा नाही.

दोब्रिंकाबाई संध्याकाळी वाचनालयात वेबसाइट करायला शिकवतात. आम्ही पाच बायका आणि मेतोदी. मी वर्गात गेले ते तुझ्यामुळेच, म्हणजे तुझ्यावर कुरघोडी करायला. काल त्यांनी दाखवलं, की कुठल्याही पानाच्या पाठीमागचा मजकूर उघडून बघता येतो. गालिच्याची उलटी बाजू बघावी तसं. आपला गालिचा दोन्हीकडून सारखा असतो, तुझं पान नाही. मी म्हटलं, चला, दादाची उलटी बाजू बघू.

तर गोष्ट अशी. पानात चित्र नसतंच. चित्राचा पत्ता असतो. वाचणाऱ्याच्या कॉम्प्युटरनं त्या पत्त्यावर जायचं आणि चित्र आणायचं. तू पत्ता दिलास तो थेट तुझ्या लॅपटॉपच्या पोटातला. जणू सोफिया, म्लादोस्त वस्ती, तुझी इमारत, प्रवेशद्वार ब, चौथा मजला, तुझा फ्लॅट, आतल्या खोलीतलं कपाट, वरून दुसरा खण. असा संपूर्ण पत्ता. पुस्तकात त्याला निरपेक्ष मार्ग म्हणतात, दोब्रिंकाबाईंनी फळ्यावर लिहिलं. तुझ्या घरात बसून तो पत्ता बरोबरच लागणार, चार पावलांवर तर कपाट! ग्रीकवाल्या प्राध्यापकांनाही तू तुझ्याच घरात उभं करून दाखवलंस. आम्ही मात्र इथे गोर्ना ब्रेझात, त्रिएस्तवाले तिथे त्रिएस्तमध्ये, आणि तुझ्या फ्लॅटला कुलूप.

एवढ्यावर थांबले असते तर हसून घरी आले असते. पण पत्ता म्हटला की तो वाचावा लागतो. मोठ्या पडद्यावर होता, सगळ्यांनी वाचला. तू कपाटातल्या खणांना नावं दिली आहेस, दादा. पहिल्या चित्राचा पत्ता असा होता : सी, मग बोगोमिल, मग आई, मग झ्लातिनाविना, मग मागावर.

झ्लातिनाविना.

पुढच्या चित्राचाही तोच. त्याच्या पुढच्याचाही. सगळी चित्रं त्याच खणात. दोब्रिंकाबाईंनी घाईघाईनं खडू शोधायला सुरुवात केली. मेतोदीनं विचारलं, की झ्लातिनाविना म्हणजे कुठलं गाव.

फोटो काढला तेव्हा मी आईच्या शेजारीच बसले होते. तूच म्हणालास, हलू नकोस. म्हणजे कापलंस. तुझी चित्रं दिसली असती तर मला कदाचित कळलंही नसतं, मला वाटलं असतं की फोटो अरुंद आला. चित्र दिसलं नाही म्हणून पत्ता दिसला.

हे सगळं मी आईला सांगितलेलं नाही. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

माया सध्या बंद आहे. उघडल्यावर कळवीन.
झ्लातिना


सोफिया,
३० सप्टेंबर

झ्लाते,
तुझे पत्र तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो. उघडेपर्यंत बरे होते असे वाटते.

कापले. खोटे बोलणार नाही, बोलायला जागाच ठेवली नाहीस. फोल्डरला ते नाव दिले तेव्हा ते कुणी वाचेल, हे ध्यानीमनी नव्हते. माणूस आपल्याच घरात एकटा असताना जसा चेहरा करतो तसे ते नाव होते. त्या चेहऱ्यासकट मी दारातून बाहेर पडलो आणि मला कळलेही नाही.

कारण विचारशील. मांडणीबिंडणी काही नाही. हेवा आहे, शुद्ध, गाळीव, राकियासारखा दोनदा ऊर्ध्वपातन केलेला. तुला माझ्या कपाचा वाटतो, मला तुझ्या बाकाचा. लहानपणी मी आईला म्हटले, मलाही बसायचे आहे. आई हसली. म्हणाली, की बाकावर पुरुष बसला तर माग रुसतो. आणि माझ्या दोन हातांत लोकरीची लड अडकवली. मी हात पसरून उभा, ती गुंडा करत बसलेली. मग तू आलीस, बोलायला लागायच्या आत तुला उचलून बाकावर ठेवले. मी तिथेच उभा, हात पसरून. पुढे मी जी भाषा शिकलो तिचा बाक निदान रिकामा होता, कुणी आधी येऊन बसलेले नव्हते.

ऑगस्टात लेन्समधून पाहिले. तुम्ही दोघी एकाच वेळी हात उचलत होता, एकाच वेळी फणी खाली मारत होता, बोलत नव्हता. तिच्याशी तसे न बोलता मी आयुष्यात कधी बसलेलो नाही. आम्ही भेटलो की बोलावेच लागते. रात्री फोटो लॅपटॉपवर घेतले आणि पहिली कात्री तिथेच लागली.

हे वाचून मला क्षमा कर असे म्हणत नाही. अजून पुरता वरमलेलोही नाही. पत्त्याचे तू शोधून काढलेस, मी नाही, हे दुखते आहे आणि ते आधीच्या दुखण्यापेक्षा लहान नाही.

कामेनबरोबर पेन ड्राइव्ह देतो. त्यात पान आहे आणि चित्रे आहेत, कापलेलीच. तू आता शिकली आहेस, पत्ते तूच सुधार. नाव घालायचे तर घाल.

लोभ मागण्याचा अधिकार तूर्त नाही, म्हणून ती ओळ मोकळी सोडतो.

बोगोमिल


गोर्ना ब्रेझा,
८ ऑक्टोबर

ती. दादास,
नमस्कार. अर्धा वाकून.

तुझं पत्र वाचलं. लड धरून उभा असायचास ते मला आठवतं. मला वाटायचं, तू माझ्यावर नजर ठेवायला उभा आहेस. यापुढचं लिहायला घेतलं तर पत्र ओलं होईल, आणि कामेन चौकशा करतो.

वेबसाइटचं सांगते. आधी माझा पराक्रम, मग माझी फजिती. फजिती तू जास्त आवडीनं वाचशील.

चित्रांसाठी चित्रे नावाचं फोल्डर केलं, दोब्रिंकाबाईंनी सगळ्यांना हेच नाव शिकवलंय. पहिल्या फोटोचं नाव मुख्य. तेही सगळ्यांचं तेच. मग प्रत्येक पत्त्याच्या आरंभी एक तिरकी रेघ दिली. ती रेघ म्हणजे वेबसाइटचं थोरलं फाटक. फाटकापासून आत, चित्रे, मुख्य. सराव करतो त्या जागेवर टाकून पाहिलं, झकास! आई आली, गालिचे आले, मांजर आलं. मी वाचनालयात टाळ्या वाजवून घेतल्या. तुला मनातल्या मनात बरंच काही बोलले.

नंतर दोब्रिंकाबाई म्हणाल्या, की सरावाच्या जागेचा पत्ता त्रिएस्तवाल्यांना द्यायला बरा दिसत नाही, वाचनालयाच्या स्वतःच्या वेबसाइटवर गावच्या विणकरांचा विभाग आहे, तिथे ठेवू. उचलून ठेवलं. विणकर, त्याच्या आत वासिल्का, त्याच्या आत आपलं पान. उघडलं.

दादा, मागावर मेतोदी बसलाय. म्हणजे मागावर नाही, खुर्चीवर, लाल कंबरपट्टा बांधून, अकॉर्डियन ताणून, सगळे दात दाखवून. खाली तुझ्या अक्षरांत : वासिल्काबाई, वय एकोणऐंशी, या भागातील शेवटच्या थोर विणकरांपैकी एक. बाकीची चित्रं परत रिकामे चौकोन. रेघ थोरल्या फाटकाशी नेते ना, पण आता थोरलं फाटक वाचनालयाचं. त्यांच्या चित्रांमधला मुख्य म्हणजे नाचगाण्याच्या मंडळाचा फोटो. मेतोदीनं पाहिलं आणि म्हणाला, की राहू दे, तो त्रिएस्तला जायला तयार आहे.

पंधरा तारखेला ते लोक बघणार. दोब्रिंकाबाई मिरच्या भाजायला लेकीकडे गेल्यात, त्या सोमवारनंतर येतील. मी मदत मागत नाहीये. पेन ड्राइव्ह कामेनकडे परत देतेय एवढंच, वाचनालयात पान ठेवायची परवानगी आणि परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहिलाय.

नाव मी घातलेलं नाही. तू म्हणालास घाल. मी दोनदा हात पुढे नेला. आपल्या हातानं आपलं नाव नाही घालता येत, दादा. जायला मिळालं नाही तरी चालेल, पण तसं नाही जमत.

मायेचा नळ थोडा सोडलाय. धार बारीक आहे, भांडं लावून ठेव.
झ्लातिना


सोफिया,
१३ ऑक्टोबर

चि. सौ. झ्लातिना हिस,
आशीर्वाद, ताजे, आणि कबूल करतो, थोडे विजयी.

मेतोदीचा फोटो पाहिला. मी एकटाच असताना इतका मोठ्याने हसलो, की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काठीने छत ठोकले. थोर विणकर! दोन दिवस माझी प्रकृती उत्तम आहे. ज्या बाईने मला कपाटातल्या खणासह गावापुढे उभे केले, ती दुसऱ्याच्या फाटकात शिरली, हे ऐकून जो आनंद झाला तो लपवला तर तू मला ओळखणार नाहीस.

आनंद ओसरल्यावर जाडजूड पुस्तक पुन्हा काढले. या खेपेला तो धडा वाचला जो मी पहिल्यांदा सोपा समजून ओलांडला होता. सापेक्ष मार्ग. फाटकाचे नाव नको, शहराचे नको, इमारतीचे तर नकोच. पान जिथे उभे आहे तिथून सांगायचे : एक पाऊल घराबाहेर ये आणि शेजारच्या खोलीत जा. बाहेर ये म्हणजे दोन टिंबे, मग एक तिरकी रेघ. दोन टिंबे, रेघ, चित्रे, रेघ, मुख्य. झाले. तुझ्या गावात कुणाला घर विचारले तर असेच सांगतात ना, दोब्रिंकाबाईंच्या दारातून वर, अक्रोडाच्या पुढचे फाटक. आता ते सगळे फोल्डर उचलून त्रिएस्तला न्या, व्हिदिनला न्या, मेतोदीच्या अंगणात नेऊन ठेवा, सोबतची माणसे सोबत राहतील. मी संध्याकाळी सगळे पत्ते तसे केले आणि या वेळी माझ्या लॅपटॉपवर विश्वास न ठेवता कोपऱ्यावरच्या कॅफेत जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर पाहिले. दिसते.

आता दुसरी गोष्ट. ती लिहिण्यासाठी पहिली एवढी लांबवली.

आईचा अखंड फोटो मी पुसला नव्हता. कापलेल्या फोटोसाठी ते दुष्ट नावाचे फोल्डर केले होते, मूळ फोटो त्याच्या बाहेर, एक पायरी वर, तसाच पडून होता. तिथून दोन टिंबांच्या अंतरावर. ऑगस्टानंतर तो उघडून पाहण्याची छाती झाली नव्हती. आज उघडला.

तू आहेस. फणी उचललेली, जीभ दातांत धरलेली, लहानपणी धरायचीस तशीच. तुझ्या डावीकडे खिडकी आहे. तिची काच उन्हाने आरशासारखी झाली आहे, आणि काचेत कॅमेरा डोळ्याला लावून, तोंड अर्धवट उघडे टाकून, कोपरे फाकवून हात पसरल्यासारखे करून मी उभा आहे. तुला काढून टाकायला मी जी रेघ मारली, तिच्या डाव्या बाजूला मीही होतो. स्वतःलाच कापले आणि दोन महिने पत्ता नाही!

तो फोटो आता पानाच्या आरंभी आहे, अखंड. खाली मी लिहिले आहे : उजवीकडे वासिल्का, डावीकडे तिची लेक झ्लातिना, मोठा गालिचा दोघींनी मिळून विणला, आणि आता माग झ्लातिना चालवते. वाक्य लहान आहे, शेवटाला पोचेपर्यंत आरंभ विसरणार नाही. काचेतल्या माणसाचा उल्लेख केलेला नाही. माझे नाव मी स्वतः घालू नये, एवढी रीत मलाही समजते.

झ्लातिनाविना हे फोल्डर पुसलेले नाही. त्यातले सगळे बाहेर काढून ते रिकामे ठेवले आहे. अधूनमधून उघडून बघावे, असे वाटते.

हेवा संपला म्हणून हे केले असे समजू नकोस. तो बाक अजून मला हवाच आहे. पण तुझे नाव घेणारे दुसरे कुणी नाही, आणि गाव्रिलवर ते काम टाकले तर एखाद्या शेळीला त्रिएस्तचे निमंत्रण यायचे.

परवा ते लोक पान उघडतील. लोभाच्या मोकळ्या ओळीत तुला योग्य वाटेल तो आकडा भर.
बोगोमिल


गोर्ना ब्रेझा,
२८ ऑक्टोबर

ती. दादास,
पूर्ण वाकून नमस्कार. कंबरेचं कंबर बघून घेईल.

संत दिमितरच्या दिवशी दुपारी दोब्रिंकाबाई एप्रन न काढता धावत आल्या. त्रिएस्तहून उत्तर आलंय. आपलं घर निवडलं. निमंत्रण झ्लातिनाच्या नावानं आहे, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, इटालियन लोकांनी एक अक्षर इकडचं तिकडे केलंय पण मीच ती. सोबतीला एक मदतनीस आणता येईल असं म्हटलंय. मी निमंत्रण चारदा वाचायला लावलं. मग शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन उभी राहिले, तिथे कुणी बघत नाही.

गावात चीजची बानित्सा वाटली. मेतोदीनं तोंड पाडून दोन तुकडे खाल्ले.

आता ऐक, आई काय म्हणाली ते. तिला हाताला धरून वाचनालयात नेलं, मोठ्या पडद्यावर आपलं पान लावलं. अख्खा फोटो. मी, ती, गालिचा, सगळं भिंतीएवढं. मी वाट बघत उभी, की आता काहीतरी म्हणेल. चाळीस वर्षं शेजारी बसले मी तिच्या. आई पुढे गेली, पडद्याला नाक लागेल इतकी पुढे. माझ्यावरून तिची नजर सरकली, गालिच्यावरून सरकली, खिडकीच्या काचेवर जाऊन थांबली. तिथे बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की बोगो वाळलाय.

बास. एवढंच. मग घरी आल्यावर तुझ्यासाठी चांगली बरणी काढून ठेवली.

मी इतकी जळले, दादा, की संध्याकाळची चूल काडीशिवाय पेटली असती. भिंतीएवढी मी बसलेय आणि तिला दिसला काचेतला ठिपका! रात्री तिच्या गुडघ्यांना तेल लावताना मी विचारलंच, मी कशी दिसत होते. ती म्हणाली, की तुला काय बघायचं, तू तर रोज असतेस. आणि झोपली. यावर रागवावं की काय करावं, ते अजून ठरलेलं नाही. तू संस्कृत शिकलायस, तूच अर्थ लाव.

त्रिएस्तचा विचार केला. गाव्रिलला शेळ्या सोडून येता येत नाही, आणि त्याला बाकावर बसवलं तर तो घोरतो. मदतनीस म्हणून तुझं नाव दोब्रिंकाबाईंच्या हातून लिहून पाठवलंय. आईला विचारलं, पुरुष बसला तर माग रुसतो का. ती म्हणाली, की तो माग त्या इटालियन लोकांचा, रुसला तर त्यांचं ते बघतील.

बाक दोघांचा असतो. उजवीकडे आता मी बसणार. डावीकडची जागा रिकामी आहे, ती तुझी. आधी आठवडाभर लडी धरायच्या, मग बघू. आणि मी सांगेपर्यंत फणीला हात लावायचा नाही.

मोकळ्या ओळीत आकडा भरलेला नाही, बरणी पाठवतेय. कामेनला सीटखाली ठेवू देऊ नकोस.
तुझी,
झ्लातिना